घाम गळतो, पण वाळत नाही!

तुर्भ्याचा एखादा हौशी धावपटू जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पुरे करतो. तोच मे महिन्यात दहा किलोमीटरांत थकून बसतो. असे का?

६० किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २५०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. तिच्यातील सुमारे तीन-चतुर्थांश भागाची उष्णता होते. ती मुख्यतः घामावाटे बाहेर पडते. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. पण खाडीकाठच्या दमट हवेत तो नीट वाळत नाही, नुसताच ठिबकतो. आणि ठिबकलेला घाम अंग थंड करीत नाही! शरीराचे तापमान चढते, प्रसंगी उष्माघातही होतो.

म्हणून अशा दिवशी वेग कमी करणे ही हार नव्हे, शहाणपण आहे.