वस्त्रावरील स्वाक्षरी

दहावीची शाळा संपण्याचा दिवस आला, की मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर सवंगड्यांच्या सह्या उमटू लागतात. मुंबई-पुण्याकडे हा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. आवडत्या खेळाडूची सही हवी म्हणून अंगातला सदरा पुढे करणारे तरुणही क्रीडांगणाबाहेर दिसतात. अशी सही घेणे सोपे असते. ती राखणे अवघड. घरच्यांनी नित्याच्या धुण्यात सदरा टाकला, की पुन्हा न भेटणाऱ्या मित्रांची नावे पाण्याबरोबर निघून जातात.

वस्त्रावरची खूण टिकविण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. जबलपूरच्या दक्षिणेस बरगी हे गाव आहे. या परिसरातील पानझडी रानांत बिब्ब्याचे झाड आढळते. तिकडे त्याला भिलवा म्हणतात. बिब्ब्याच्या सालीतील काळा, चिकट रस कपड्याच्या कोपऱ्यास लावून त्यावर चुना दिला, की भट्टीतही न जाणारी खूण होते. गिऱ्हाइकांचे कपडे ओळखण्यासाठी धोबी पिढ्यान्‌पिढ्या हीच खूण करीत. परंतु हा रस अंगास लागला, तर फोड येतात. तेव्हा सहीसाठी त्याचा प्रयोग करू नये. त्यातील धडा मात्र घ्यावा: खूण धाग्यात मुरली आणि तेथेच घट्ट बसली, तरच ती टिकते.

फाउंटन पेनची बहुतेक शाई पाण्यात विरघळते. बॉलपेनच्या शाईत तेलकट अंश असल्याने ती कालांतराने पसरते. लोहाची जुनी काळी शाई धुण्यास दाद देत नाही, पण तिच्यातील आम्ल आणि लोह सुताचा धागाच खातात. म्हणून कापडासाठी केलेले, न विरघळणाऱ्या रंगकणांचे पेन वापरावे. सदरा सुती, साध्या विणीचा असावा. तो आधी धुऊन त्याची खळ काढावी, वाळवून इस्त्री करावी. सही घेताना आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरावे, म्हणजे शाई पाठीकडे उतरत नाही. आतल्या शिवणीजवळ पेनची परीक्षा आधीच करावी. सही पूर्ण वाळल्यावर, पेनवरील सूचनेत सांगितले असेल तर, उलट्या बाजूने इस्त्रीची ऊब द्यावी. खेळाडूंचे सदरे बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात; त्यांत शाई कमी मुरते आणि तापल्या इस्त्रीने धागा वितळतो, म्हणून तेथे जपून राहावे.

शाईवर विश्वास नसल्यास सुई-दोऱ्याचा मार्ग आहे. 1912 साली लंडनच्या हॉलोवे तुरुंगात मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी एका रुमालावर साठांहून अधिक सह्या दोऱ्याने भरल्या. तो रुमाल आजही इंग्लंडमध्ये जतन केलेला आहे. सहीच्या रेषेवर बारीक टाका घातला, तर शाई फिकटली तरी अक्षराचे वळण राहते.

यापुढे एक निर्णय करावाच लागतो. सदरा वापरावयाचा की राखावयाचा? चांगल्यातली चांगली शाईदेखील घाम, साबण आणि ऊन यांपुढे हळूहळू हार खाते. राखावयाचा असेल, तर तो धुऊ नये. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये आणि डांबराच्या गोळ्या कापडास लागू देऊ नयेत. घड्यांत मऊ कापडाची सुरळी घालावी व वर्षातून एकदा घडी बदलावी. 1990 साली बांधून पूर्ण झालेल्या धरणाचा जलाशय बरगीजवळ पसरला आहे. अशा पाणथळ मुलखात आणि कोकणातही पावसाळ्याची दमट हवा कापडावर बुरशी आणते. पाऊस सरल्यावर कोरड्या दिवशी सदरा सावलीत उघडून पाहावा. भिंतीवर लावावयाचा झाल्यास काच कापडास टेकू देऊ नये आणि खिडकीसमोरची भिंत टाळावी.

पंचवीस वर्षांनी तो सदरा कोणाच्या अंगास येणार नाही. त्यावरील नावे मात्र वाचता यावीत, एवढ्यासाठी ही सारी खटपट असते.