स्वस्त झालेला चहा समुद्रात का फेकला?

चहा स्वस्त झाला तर आपण आनंदाने एक कप जास्त पिऊ. पण १७७३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या लोकांनी स्वस्त झालेला चहा चक्क समुद्रात फेकून दिला!

फ्रान्सबरोबरच्या युद्धामुळे ब्रिटनवर मोठे कर्ज झाले होते. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी अमेरिकेतील आपल्या वसाहतींवर कर लादले. ब्रिटिश संसदेत या वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. मग आम्हाला न विचारता कर कसा लावता, असे लोक विचारू लागले. विरोधामुळे बरेच कर रद्द झाले, चहावरचा मात्र तसाच राहिला.

पुढे ईस्ट इंडिया कंपनी आर्थिक अडचणीत आली. हो, भारतात सत्ता गाजवणारी तीच कंपनी! तिला वाचवण्यासाठी अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत मिळाली. चहा स्वस्त झाला. पण तो विकत घेणे म्हणजे कर मान्य करणेच होते.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री काही लोक मोहॉक आदिवासींसारखा वेश करून तीन जहाजांवर चढले आणि ३४२ पेट्या चहा पाण्यात ओतला. संतापलेल्या ब्रिटनने बोस्टनचे बंदरच बंद केले. तेव्हा इतर वसाहतीही बोस्टनच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १७७५ मध्ये युद्ध पेटले आणि ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले.