ब्रेक थरथरला तरी पाय उचलू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवणीचे दिवस होते. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा साकोलीहून भंडाऱ्याला गाडी घेऊन येत होता. सोबत त्याची अम्मी आणि धाकटी बहीण. पाऊस नुकताच थांबला होता. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरांनी डांबरी रस्त्यावर जागोजागी चिखल आणून टाकला होता. लाखनीच्या अलीकडे अचानक म्हशींचा कळप रस्त्यावर आला. भाच्याने जोरात ब्रेक दाबला. त्याबरोबर पायाखालचे पेडल थरथरू लागले, खालून घरघर असा आवाज आला. तो घाबरला आणि त्याने ब्रेकवरून पाय उचलला. मग स्टिअरिंग फिरवले, आणि गाडी रस्ता सोडून बाजूच्या बांधीत उतरली.

अल्हम्दुलिल्लाह, तिघेही सुखरूप होते. म्हशींनाही काही झाले नाही. गाडीचा पुढचा बंपर तेवढा गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर तो म्हणाला, "खाला, मला वाटलं ब्रेकच तुटला. पेडल पायाला उलटं ढकलत होतं."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी तपासली. ब्रेकमध्ये काहीही दोष निघाला नाही. उलट त्या क्षणी ब्रेक जसे चालायला हवेत तसेच चालले होते. ती थरथर म्हणजे एबीएस नावाची यंत्रणा काम करत असल्याची खूण होती. गाडी त्याला वाचवत होती आणि त्यानेच पाय उचलून तिचे काम थांबवले.

यात मुलाला काय दोष द्यायचा? तो गाडी शिकला मोहल्ल्यातल्या एका जुन्या ड्रायव्हरकडे, जुन्या जीपवर. उस्तादांनी शिकवले होते, "पावसात ब्रेक एकदम दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा." त्या जीपसाठी ही शिकवण अगदी बरोबर होती. आजच्या गाडीत मात्र तीच शिकवण धोक्याची ठरते. आपल्या घराघरांत आता चारचाकी आली आहे. म्हणून हा फरक आपण सगळ्यांनी, गाडी चालवणाऱ्यांनी आणि शेजारी बसणाऱ्यांनीही, समजून घेतला पाहिजे.

चाक थांबते, गाडी थांबत नाही

घरातले जड कपाट सरकवून पाहा. पहिल्यांदा हलवायला फार जोर लागतो. एकदा सरकू लागले की मग कमी जोरात सरकते. रबर आणि रस्ता यांचेही तसेच आहे. चाक फिरत असते तोवर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग रस्त्याला धरून असतो. ब्रेक इतका जोरात लागला की चाक जागच्या जागी थांबले, तर टायर घसरू लागतो आणि पकड कमी होते. ओल्या रस्त्यावर तर फारच कमी होते.

दुसरे संकट याहून मोठे आहे. पुढची चाके जाम झाली की स्टिअरिंगचा उपयोग राहत नाही. तुम्ही ते डावीकडे फिरवा की उजवीकडे, गाडी जिकडे चालली होती तिकडेच सरळ घसरत जाते. गाडी वळते ती फिरणाऱ्या चाकांमुळे. शाळेच्या मैदानात मुले सायकलचा मागचा ब्रेक दाबून चाक घसरवतात, तेव्हा मागचा भाग कसा भरकटतो ते आपण पाहिले आहेच.

एबीएस नेमके काय करते?

प्रत्येक चाकाजवळ एक छोटा सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरते आहे ते तो सतत सांगत असतो. ही माहिती एका छोट्या संगणकाकडे जाते. तीन चाके फिरत आहेत आणि एक एकदम थांबण्याच्या बेतात आहे, असे दिसले की संगणक त्या चाकाच्या ब्रेकमधला तेलाचा दाब थोडा कमी करतो. चाक पुन्हा फिरू लागले की दाब पुन्हा वाढवतो. उस्तादांचे तेच 'दाबा-सोडा', पण एका सेकंदात कितीतरी वेळा, आणि प्रत्येक चाकाचा हिशेब वेगळा ठेवून. माणसाचा एक पाय हे करूच शकत नाही.

या दाबा-सोडीत ब्रेक ऑइलच्या नळीमध्ये जे धक्के बसतात, तेच आपल्याला पेडलवर थरथर म्हणून जाणवतात. म्हणून एबीएस असलेल्या गाडीत संकटाच्या वेळी नियम साधा आहे. ब्रेक पूर्ण जोराने दाबा, दाबून धरा, आणि मोकळी जागा दिसेल तिकडे स्टिअरिंग वळवा. पाय उचलू नका.

ही कल्पना आधी विमानांसाठी आली. धावपट्टीवर उतरताना चाके जाम होऊन टायर फुटू नयेत, हा हेतू होता. मोटारींसाठी बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आली. आपल्या देशात एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस सक्तीची झाली. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींनाही त्याच वेळी ती लागू झाली. त्याहून लहान दुचाकींना किमान सीबीएस तरी हवी असा नियम तेव्हा झाला. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक लागतात. पण चाक जाम होणे ती थांबवत नाही, हे स्कूटरवर मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईवडिलांनी लक्षात ठेवावे.

गाडी फिरू लागली तर?

एबीएस ब्रेक मारताना उपयोगी पडते. पण वळणावर वेग जास्त झाला, किंवा समोर काही आले म्हणून एकदम स्टिअरिंग फिरवले आणि गाडीच गरगर फिरू लागली तर? त्यासाठी पुढची यंत्रणा आहे, ईएससी. काही कंपन्या तिला ईएसपी म्हणतात. ती बॉश आणि मर्सिडीज यांनी १९९५ मध्ये बाजारात आणली.

तिची गरज जगाला कळली ती १९९७ मध्ये, स्वीडनमध्ये. तिथे रस्त्यावर अचानक मोठे हरीण आडवे येते. अशा वेळी गाडी कशी वागते हे पाहण्यासाठी एका मोटार मासिकाने चाचणी घेतली. भरवेगात गाडी डावी-उजवी वळवताना मर्सिडीजची नवी कोरी ए-क्लास गाडी उलटली. जगभर बोभाटा झाला. मग कंपनीने त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ईएससी बसवली. हरणाची ही गोष्ट आपल्याला दूरची नाही. साकोलीपुढे देवरीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ५३ नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातूनच जातो. रात्री तिथे रानडुक्कर किंवा चितळ कधी समोर येईल याचा नेम नाही.

ईएससी दोन गोष्टींची तुलना करते. एक, चालकाला कुठे जायचे आहे. ते स्टिअरिंगजवळच्या सेन्सरवरून कळते. दोन, गाडी खरोखर कुठे चालली आहे. ते गाडीच्या मधोमध बसवलेल्या सेन्सरवरून कळते. मोबाइल आडवा केला की चित्र आडवे होते ना, साधारण त्याच जातीचा हा सेन्सर. दोन्हींत फरक पडला की ती चालकाने ब्रेक दाबलेला नसतानाही एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनचा जोरही कमी करते.

एका चाकाला ब्रेक लावून गाडी कशी वळेल? वैनगंगेत डोंगा चालवणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. डोंगा पुढे जात असताना उजव्या बाजूला वल्हे पाण्यात रोवून धरले की तो उजवीकडे वळतो. गाडीचेही तसेच. ती वळण न घेता सरळ बाहेर जाऊ लागली, तर वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. मागचा भाग घसरून फिरू लागला, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला लागतो. हे सगळे आपण 'या अल्लाह' म्हणेपर्यंत होऊनही जाते. अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले की, ज्यात एकच गाडी सापडते अशा प्राणघातक अपघातांचा धोका या यंत्रणेमुळे जवळपास निम्म्याने घटतो.

नवी गाडी घेताना एबीएस कायद्याने मिळतेच. ईएससी आहे का, हे मात्र स्पष्ट विचारून घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर ईएससी असावीच लागते. आपण मोठा स्क्रीन, गाण्यांची सिस्टीम, सनरूफ पाहतो. पैसे कमी पडत असतील तर सनरूफ सोडा, ईएससी सोडू नका.

पकड नसेल तर संगणक काय करणार?

ही यंत्रणा रस्त्याची पकड वाढवत नाही. आहे ती पकड वाया जाऊ देत नाही, एवढेच. एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. चारही तळहात गुळगुळीत झालेले असतील तर कसली पकड?

एक ढोबळ हिशेब पाहा. ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरू. त्यानंतर चांगल्या कोरड्या डांबरावर थांबायला सुमारे ३६ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ६३ मीटर. म्हणजे पावसात एकूण ८५ मीटर, क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांहून जास्त. तीच गाडी ६० च्या वेगाने असेल तर ओल्या रस्त्यावर एकूण ५२ मीटरमध्ये थांबते. वेग २० ने कमी केला आणि ३३ मीटर वाचले. म्हशी आणि आपली माणसे यांच्यामधले ते ३३ मीटर कोणतीही यंत्रणा देऊ शकत नाही. ते आपल्या हातात आहेत. आणि सुट्ट्या मुरुमावर किंवा गिट्टीवर तर एबीएस असताना गाडी थांबायला जास्तच अंतर लागू शकते. तिथे वेग कमी ठेवणे हाच उपाय.

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. रोज सरासरी ४६२ घरांत मय्यत.

पिवळा दिवा

भाच्याच्या प्रसंगानंतर मी आमची स्वतःची गाडी तपासायला लावली. ती आम्ही जुनी, दुसऱ्याकडून घेतली होती. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. यंत्रणा त्या वेळी स्वतःची तपासणी करत असते. आमच्या गाडीत तो दिवा लागतच नव्हता. आम्ही समजत होतो, दिवा नाही म्हणजे सगळे ठीक. मेकॅनिकने उघडून पाहिले तर एका चाकाच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली होती, आणि दोष दिसू नये म्हणून कोणीतरी दिव्याचीच जोडणी काढून टाकली होती. तीन वर्षे आम्ही सासूबाईंना दवाखान्यासाठी नागपूरला त्याच गाडीतून नेत होतो. एबीएस आहे या भरवशावर, आणि ती चालूच नव्हती. वायर बदलायला एक दुपार लागली.

म्हणून जुनी गाडी घेताना रंग आणि सीट कव्हर नंतर पाहा. आधी चावी फिरवा. एबीएसचा पिवळा दिवा लागून विझतो का? लागलाच नाही, तर शंका घ्या. लागून राहिला, तर यंत्रणेत बिघाड आहे. अशा वेळी साधा ब्रेक लागतो, पण चाके जाम होऊ शकतात, म्हणून गाडी हळू चालवत गॅरेज गाठा. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही लागून राहिला, तर गाडी पुढे नेऊच नका. ईएससीच्या दिव्यावर घसरणाऱ्या गाडीचे चित्र असते. तो चालताना लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे आणि तुमचा वेग जास्त आहे, असा त्याचा अर्थ.

टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्या की तो टायर कायद्यानेही बाद आहे. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलावा. ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलून घ्या.

आणि एक सराव जरूर करा. पाऊस पडून गेल्यावर, मोकळ्या आणि निर्मनुष्य जागी, सीटबेल्ट लावून, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी ३० च्या वेगाने ब्रेक एकदम पूर्ण दाबा. पेडल थरथरेल. ती थरथर एकदा पायाला ओळखीची झाली की खऱ्या संकटात पाय घाबरणार नाही. आम्ही भाच्याकडून हे करून घेतले. मग मीही केले. पहिल्या वेळी माझाही पाय उचललाच गेला. तिसऱ्या वेळी टिकला.

घरातून निघताना आपण सफरची दुआ पढतो. अल्लाहवर तवक्कुल हा आपल्या ईमानाचा भाग आहे. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले होते, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या काळातला उंट गाडीच्या रूपाने दारात उभा आहे. त्याचे टायर, त्याचे दिवे, त्याचा वेग पाहणे म्हणजे तो बांधणे. गाडीत बसलेली माणसे आपल्याकडे अमानत आहेत.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. चावी फिरवा आणि तो पिवळा दिवा लागून विझतो का ते पाहा.