शब्द आधीच कुणीतरी घेतलेला असतो

जून २०१८मध्ये पायथन भाषेची ३.७ ही आवृत्ती आली आणि एका अक्षराला हात न लावताही काही प्रोग्रॅम बंद पडले. ‘सेलरी’ या लोकप्रिय लायब्ररीत एक ओळ होती: ‘फ्रॉम . इम्पोर्ट असिंक, बेस’. असिंक हे तिच्यातल्या एका फाइलचं नाव. पायथनने नेमका तोच शब्द स्वतःसाठी राखून ठेवला, आणि राखीव शब्द म्हणजे कीवर्ड नाव म्हणून चालत नाही. झालं, सिंटॅक्स एरर! त्या ओळीची पाळी येईपर्यंतही पायथन थांबत नाही, अख्खी फाइलच नाकारतो. सेलरीवाल्यांनी शेवटी फाइलचं नाव ‘असिंक्रोनस’ केलं.

पायथनवाल्यांनी घाई केली म्हणावं, तर तसंही नाही. २०१५च्या ३.५मध्ये हा शब्द आला तो दबकतच, असिंक फंक्शनांच्या बाहेर लोकांना वापरायला मोकळा ठेवून. ३.६ने इशाराही दिला. फक्त त्या जातीचा इशारा तेव्हा एरवी पडद्यावर दिसत नसे, मुद्दाम चालू करावा लागे. दवंडी द्यायची, पण ढोलाला गोधडी गुंडाळून!

नव्या सोयीला जो शब्द शोभतो, तो लोकांनाही आधीच सुचलेला असतो, हा खरा पेच. सी भाषेचा तोडगा मला आवडतो, दिसायला कुरूप असला तरी. खरं-खोटं साठवायला ‘बूल’ हवा होता, पण जो तो आपापला बूल बनवून बसलेला. अंडरस्कोर आणि पुढे कॅपिटल अक्षर अशी नावं मात्र भाषेने आधीपासून स्वतःकडे ठेवली होती. म्हणून १९९९मध्ये कीवर्ड झाला ‘अंडरस्कोर बूल’. सरळ बूल लिहायचाय त्याने एक हेडर फाइल जोडावी. साधा बूल कीवर्ड व्हायला सी-२३ उजाडावं लागलं.

पायथनला मॅच-केस या नव्या रचनेसाठी ‘मॅच’ हवा झाला तेव्हा दुखणं आणखी मोठं होतं. मजकुरात नमुना जुळवणारं त्याचं स्वतःचंच फंक्शन मॅच नावाचं, आणि त्याचा निकालही मॅच नावाच्याच व्हेरिएबलमध्ये ठेवायची सर्रास सवय. या वेळी शब्द राखीव केलाच नाही. ‘मॅच (एक्स)’ एवढं वाचून फंक्शन बोलावलंय की नवी रचना सुरू झालीय, ते कळत नाही. पुढे कोलन आहे का ते पाहावं लागतं. पायथनचा जुना पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, पुढचा एकच शब्द बघून निर्णय घ्यायचा. ३.९मधला नवा पार्सर पुढे जातो, जमलं नाही तर मागे येऊन दुसरा अर्थ लावून बघतो. त्यामुळे ऑक्टोबर २०२१च्या ३.१०मध्ये ‘मॅच = ५’ ही ओळही चालली आणि तिच्याच खाली मॅच-केसही.

असिंक मात्र राखीवच राहिला.