पुढच्या चाकाची बैठक

धारवाड ते हुबळी वीसेक किलोमीटरचा रस्ता. दुचाकीवर एवढं अंतर कापताना पुढचं चाक किती वेळा खाली-वर झालं, हे तळहातांना बरोबर कळतं. हा काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा आणते. मनगटं दुखू लागली की माणूस गॅरेज गाठतो आणि सांगतो, ‘शॉकअप कडक झालेत, जरा प्रीलोड कमी करा.’ पण प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवण्याने, ती कडकही होत नाही आणि मऊही होत नाही. पुढच्या शॉकअपबद्दलची ही पहिली गोष्ट समजली की बाकीचं सोपं होतं.

एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि तेल, असा हा पुढचा शॉकअप, म्हणजेच फोर्क. तेलाने झटके शमवणारा असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आपल्या आर-१२ गाडीवर आणला. कर्नाटकाने तो म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या गाड्यांवर पाहिला. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज वसाहतीत एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज असे फोर्क बनवते. यात स्प्रिंग भार तोलते आणि तेल तिची उसळी आवरते.

स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. समजा, दोन्ही स्प्रिंगा मिळून मिलिमीटरला दीड किलो भार घेतात. त्या २० मिलिमीटर दाबूनच आत बसवल्या, तर ३० किलो आधीच तोलले गेले. स्वारासकट पुढच्या भागावर ९० किलो आले, तर उरलेल्या ६० किलोंसाठी फोर्क ४० मिलिमीटर खाली बसेल. प्रीलोड ३० मिलिमीटर केला, तर बसणं ३० वर येईल. पण त्यानंतर खड्ड्याने आणखी १५ किलोंचा धक्का दिला, तर दोन्ही वेळी स्प्रिंग १० मिलिमीटरच दबेल. बदलली ती गाडीची उंची, स्प्रिंग होती तशीच राहिली.

मग हे बसणं हवंच कशाला? कारण खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा लागते. फोर्क आधीच पूर्ण ताणलेला असेल, तर चाक खड्ड्यावर क्षणभर अधांतरी राहतं आणि पलीकडच्या कडेवर आदळतं. फार बसलेला असेल, तर ब्रेक लावताच तळाला टेकतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश एवढं बसणं, म्हणजेच बैठक, साधारण योग्य. हालचाल १३० मिलिमीटर असेल, तर ती ३२ ते ४३.

मोजायला तीन माणसं आणि एक टेप पुरे. आधी पुढचं चाक उचलून नळीचा उघडा भाग मोजायचा. मग नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसकट स्वार बसवायचा. दुसऱ्याने गाडी तोलून धरायची, तिसऱ्याने मोजायचं. सील घर्षणाने फोर्क अडवतात, म्हणून एकदा दाबून हळूच वर येऊ द्यायचं, एकदा उचलून हळूच खाली बसू द्यायचं आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यायची. पहिल्या मापातून ती वजा केली की बैठक मिळते.

जुन्या फोर्कमध्ये स्प्रिंगवरच्या नळीच्या तुकड्याची लांबी बदलून प्रीलोड लावतात, काही नव्यांत वर स्क्रू असतो. टोपण उघडण्याआधी पुढचं चाक अधांतरी असलंच पाहिजे आणि तोंड बाजूला ठेवायचं, कारण खाली दबलेली स्प्रिंग वाट पाहत असते. दोन्ही बाजूंचे तुकडे आणि तेलाची पातळी सारखी हवी.

स्वारासकट बैठक नीट बसली, पण रिकामी गाडी जवळजवळ बसतच नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडच्या जोरावर उभी आहे. रिकामी गाडीच फार बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. इथे प्रीलोडचा इलाज संपतो आणि स्प्रिंग बदलावी लागते. ती ताणून वाढवू नये, आणि वेढे कापले तर ती आणखी कडक होते, हेही ध्यानात ठेवावं.

रामनगर, अनमोडमार्गे गोव्याला उतरताना प्रत्येक वळणाआधी ब्रेकखाली गाडीचा भार पुढे येतो. तेव्हा फोर्कमध्ये उरलेली जागाच चाकाला रस्त्यावर धरून ठेवते. निघण्यापूर्वी ती मोजून घेण्यात गेलेला अर्धा तास मला कधीच जास्त वाटला नाही.