तळघराची ओल आणि थर्माकोलची भूल

मे महिन्यात परभणीचा पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा जुन्या वाड्याला तळघर असेल तर घरातली माणसे दुपारी तिथेच पथारी टाकतात. जुलैत मात्र खाली पाय ठेववत नाही. कुबट वास येतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. मग गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतो आणि शहरातला मुलगा मोबाईलवर काही पाहून थर्माकोलच्या शीट लावायला सांगतो. दोघांचा हेतू चांगला असला, तरी दोन्ही उपाय या मातीला लागू पडत नाहीत.

भिंतीला आतून उष्णतारोधक थर दिला की तळघर सुखाचे होते, ही समजूत थंड देशांतून आली आहे. कॅनडात हिवाळ्यात गार जमीन घरातली ऊब खेचून घेते आणि तो थर ती अडवतो. परभणीत सगळे उलटे आहे. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर वार्षिक सरासरीच्या जवळ, म्हणजे 26-27 अंशांच्या आसपास असते. बाहेर 43 अंश असताना हा गारवा दगडी भिंतीतून आत येतो. त्याच्या वाटेत थर्माकोल ठेवला, तर फुकटचा कूलर पैसे मोजून बंद केल्यासारखे होते. शिवाय शीटमागे ओल कोंडते आणि वाळवीला आयता आडोसा मिळतो.

ऊन घरात शिरते ते मुख्यतः वरून. माळवदावरचा पांढऱ्या मातीचा जाड थर उगीच नव्हता! तो काढून जिथे उघडा स्लॅब टाकला आहे, तिथे इन्सुलेशनचा पैसा छतावर घालावा. निदान दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात तरी द्यावा.

सिमेंटबद्दलचा गैरसमज जास्त महागात पडतो. पायातले पाणी दगड, विटा आणि मातीच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते. घट्ट सिमेंट गिलावा ते थांबवत नाही, फक्त त्याची वाफ होऊन बाहेर पडण्याची वाट बुजवतो. त्यामुळे आधी गुडघ्याएवढी असलेली ओल कमरेपर्यंत जाते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि गिलावा दगडाचे कवच घेऊनच खाली येतो. चुन्याचा गिलावा मऊ असतो, ओल बाहेर सोडतो आणि क्षारांचा मार स्वतः खातो. काही वर्षांनी तो झडला, तर त्याने आपले काम केले असे समजावे. भिंत शाबूत राहते.

मूळ दुखणे बहुधा भिंतीबाहेर असते, काळ्या मातीत. या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाण्याने फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात पायालगत भेगा पडतात आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्यांतून थेट खाली उतरतो. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि आत गेलेले पाणी भिंतीला दाबत बसते. आतून लावलेल्या वॉटरप्रूफ रंगाला हा दाब मागून येतो, म्हणून त्याला फुगे धरतात. त्यापेक्षा पायालगतची काळी माती काढून मुरूम ठासावा, वर बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी करावी आणि पन्हळीचे पाणी नळीने लांब न्यावे. मात्र खोल खणायचे असेल, तर आधी अभियंत्याला दाखवावे. जुन्या भिंतीचा पाया उघडा पाडणे धोक्याचे असते. शोषखड्ड्याची योजना कितीही चांगली असो, तो वाड्याच्या पायाशी नको. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते आणि सोपी वाट तळघराकडे जाते.

‘ओल आली की झरोके उघडा’ हा सल्ला पावसाळ्यात फसतो. बाहेरची दमट हवा तळघरात निवते, तशी तिची सापेक्ष आर्द्रता वाढते आणि बुरशीला आवडणाऱ्या 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. तेव्हा पावसाच्या झडीत झरोके लावून घ्यावेत आणि हवा कोरडी असेल तेव्हा, विशेषतः दिवाळीनंतर, ते उघडे ठेवावेत.

ओल हवेतली की भिंतीतली, हे घरच्या घरी कळते. दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवायचा. मागे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतून.

बाहेरची कामे मृगाआधी उरकावीत. चुना हळूहळू घट्ट होतो, कडक उन्हाळ्यात तो तडकतो. म्हणून गिलावा हिवाळ्यात करणे बरे. तोवर भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकावा. पाण्याने धुतला तर तेच क्षार पुन्हा भिंतीत मुरतात.