ग्लासातली राळ

सावंतवाडीला माझ्या वडिलांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दारातच डालड्याचा एक जुना डबा असायचा, त्यात टर्पेंटाइन आणि टर्पेंटाइनात उभे केलेले ब्रश. शाळा सुटली की त्या डब्याशेजारी बसून मी पाढे लिहायचे. दुकानांची नावं, गाड्यांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, बाबा काहीही रंगवून आले तरी त्यांच्या सदऱ्याला तोच वास. थंड, तीक्ष्ण, नाकातून थेट कपाळात चढणारा. पुढे पेट्रोलियमपासून केलेलं मिनरल टर्पेंटाइन बाजारात आलं. स्वस्त पडायचं, म्हणून सगळे तेच वापरू लागले. बाबांनीही घेतलं, पण मनापासून नाही. "खरा टर्पेंटाइन चिडाच्या राळेतसून काढतत," ते म्हणायचे, "ह्याका रॉकेलचो वास येता."

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावी मी राहायला आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या घरात बिअर कुणी घेत नसे आणि मलाही तिची ओढ नव्हती. इथल्या पहिल्याच नोव्हेंबरात ऑफिसातल्या मैत्रिणीने एक बाटली उघडली आणि अर्धा ग्लास माझ्यापुढे सरकवला. कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीची 'सेलिब्रेशन'. ग्लास तोंडाशी नेला आणि हात थांबला. डालड्याचा डबा! तोच थंड, चढणारा वास, सोबत संत्र्याची साल नखाने सोलल्यावर उडतो तसा एक तुषार. घोट घेतला तर कडू, कडुनिंबाची काडी चावल्यासारखा स्वच्छ कडू, आणि गिळून झाल्यावर टाळूला काहीतरी राळेसारखं चिकटून राहिलेलं. त्या दिवसापासून मी या एका चवीच्या मागावर आहे.

इथे तिला 'पाइनी' म्हणतात, पाइन म्हणजे आपला चीड. पण या बिअरमध्ये चिडाचं पान नसतं, लाकूड नसतं, राळही नसते. सूचिपर्णी झाडांचे कोंब घालून केलेली बिअर जगात आहे, नाही असं नाही. कॅप्टन कुकने 1773 मध्ये न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये तिथल्या झाडांच्या पाल्यापासून खलाशांसाठी अशी बिअर केली होती. अलास्कात आजही स्प्रूसचे कोवळे कोंब घालून हिवाळ्याची बिअर करतात. ती चव वेगळी, गोडसर, मला तरी थोडी औषधी वाटते. मी ज्या चवीबद्दल बोलते आहे ती पूर्णपणे हॉप्सची करणी आहे.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. भांग ज्या कुळातली, त्याच कुळातली ही वेल. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, बिअरसाठी मादी वेलीची फुलंच लागतात. फूल अंगठ्याएवढं, हिरवं, पाकळीवर पाकळी चढवलेल्या छोट्या शंकूसारखं. पाकळ्या उलगडल्या की मुळाशी पिवळीधमक भुकटी दिसते. तिला लुपुलिन म्हणतात. बिअरचा कडूपणा याच भुकटीत असतो आणि वास देणारी तेलंही तिच्यातच. त्या तेलांत मर्सिन असतं, कॅरिओफिलीन असतं, आणि थोडं पायनीनही असतं. हे पायनीन चिडाच्या राळेत भरपूर, म्हणून टर्पेंटाइनात भरपूर. बाबांच्या डब्यातला आणि माझ्या ग्लासातला वास मला एक वाटला, तो भास नव्हता. हॉप्समध्ये पायनीनचं प्रमाण तसं अगदी कमी. पण मर्सिन आणि बाकीच्या तेलांच्या संगतीत ते असं काही उठून येतं की नाक चीड म्हणूनच ओळखतं.

टॅकोमाहून गाडीने अडीच-तीन तासांवर याकिमाचं खोरं आहे. अमेरिकेतले सुमारे तीन चतुर्थांश हॉप्स या एका खोऱ्याच्या आसपास पिकतात. कापणी ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरभर चालते. तिथल्या टॉपेनिश गावात हॉप्सचं संग्रहालय आहे, ते बघायला म्हणून गेले आणि परतताना एका शेतावर थांबले. अठरा फूट उंच खांब, त्यांवर तारा, आणि तारांवरून खाली सोडलेल्या दोऱ्यांना धरून वर चढलेल्या वेली, सगळ्याच्या सगळ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेल्या. मी जवळ जाऊन दोरा हातात घेतला आणि बोटांनीच ओळखला. काथ्या! आमच्या परसात मांडव बांधायला वापरायचो तोच सुंभ. शेतकऱ्याने सांगितलं, हा श्रीलंकेहून येतो, नारळाच्या सोडणाचा. दर वसंतात माणसं उंच मचाणावर उभी राहून एकेक दोरा हाताने बांधतात, आणि कापणीला वेलीबरोबर तोही कापला जातो. समुद्र ओलांडून आलेला काथ्या त्या कोरड्या, धुळीच्या खोऱ्यात पाहून मी तिथे उगीचच रेंगाळले.

त्याच शेतकऱ्याने चिनूक जातीचं एक फूल तोडून माझ्या तळव्यावर ठेवलं आणि चोळायला सांगितलं. चोळलं. तळवे हळद लागल्यासारखे पिवळे झाले आणि एकमेकांना चिकटू लागले. ओंजळ नाकाशी नेली. आधी ताजं कापलेलं गवत, मग ग्रेपफ्रूटची साल, आणि मग चीड, ओला, नुकताच करवतलेला. परतीच्या वाटेवर स्टिअरिंगलाही तो वास लागला, दोन दिवस गेला नाही.

तेच फूल बिअरमध्ये कसं आणि कधी घालतात, यावर चव ठरते. मोड आणून भाजलेल्या सातूचा गोड काढा तासभर उकळतात. हॉप्स सुरुवातीला घातले तर कडूपणा उतरतो, पण तेलं वाफेबरोबर उडून जातात. आमटीला चिंच आधी घालतो आणि कोथिंबीर उतरवताना, तसाच हिशेब. वास हवा असेल तर हॉप्स आच बंद केल्यावर घालायचे, आणि त्याहून उत्तम म्हणजे आंबण्याची क्रिया ओसरल्यावर थंड बिअरमध्ये भिजत ठेवायचे. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. चिडाची चव शोधणाऱ्याने हा शब्द लक्षात ठेवावा.

जातींची नावंही पाठ करावीत, कारण खरा शोध तिथेच लागतो. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, या बिअरच्या नावात आपला देश आहे, अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीतली बिअर जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येत असे. पण त्या इंग्लिश हॉप्सचा वास मातीचा, फुलांचा, सुकल्या गवताचा. चीड आला तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून. ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून कॅस्केड ही जात तयार झाली आणि 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 1975 मध्ये तिच्यावर लिबर्टी एल केली. चिकोमध्ये केन ग्रॉसमन यांनी 1980 मध्ये सिएरा नेवाडा पेल एल आणली, तीही कॅस्केडवरच. चिनूक 1985 ची. तिची पैदास खरं तर कडूपणासाठी केली होती, तिच्यातला चीड आणि मिरीसारखा झणका ब्रुअरांनी नंतर ओळखला. सेंटेनियल 1990 ची, सिम्को 2000 ची. कोलंबस या तिखट, राळेदार जातीचं नावही यांच्यासोबतच घ्यायला हवं. कॅनवर चिनूक, सिम्को किंवा कोलंबस यांपैकी एखादं नाव दिसलं तर चिडाची आशा धरायला हरकत नाही. दोन दिसली तर मी विचार न करता उचलते.

सुरुवातीला हे मला कळत नव्हतं. मी नुसती आयपीए ही अक्षरं बघून कॅन घ्यायचे आणि घरी येऊन उघडल्यावर ग्लासात गढूळ, पिवळी, आंब्या-पेरूच्या वासाची बिअर पडायची. तिला हेझी म्हणतात. ओट्स आणि गहू घालून मऊ केलेली, सिट्रा आणि मोझॅइक या जातींवर बेतलेली. लोकांना ती फार आवडते, आणि त्यामुळे मधल्या काही वर्षांत याकिमात सिट्रा-मोझॅइकची लागवड वाढली आणि कॅस्केडची घटली. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या कडू, पारदर्शक, राळेच्या चवीने या किनाऱ्याला नाव मिळवून दिलं, ती आता शोधावी लागते. अँकर तर 2023 मध्ये बंद पडली, ती बातमी वाचून मी सुन्न झाले होते. आंब्याची चव मला आंब्यात मिळते, तीही कोकणातल्या. चीड मात्र दुसऱ्या कुठल्या ग्लासात मिळणार? म्हणून आता कॅनवर 'वेस्ट कोस्ट' हे शब्द शोधते. ती बिअर नितळ असते, अंगाने हलकी आणि कोरडी, गोडवा कमी, त्यामुळे राळेला आड काही येत नाही.

मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीची 'टू हार्टेड' फक्त सेंटेनियलवर केलेली असते, तिच्यात फुलं, लिंबू आणि मागून चीड, नवख्याने तिथून सुरुवात करावी. 'सेलिब्रेशन' 1981 पासून दर हिवाळ्यात येते, त्याच वर्षी कापलेल्या हॉप्सची. कॅस्केड, सेंटेनियल, चिनूक तिन्ही तिच्यात असतात. आणि जिभेची तयारी झाली असेल तर कॅलिफोर्नियाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीची 'प्लिनी द एल्डर'. तिच्यात अल्कोहोल 8 टक्के, म्हणून ग्लास लहान घ्यावा. प्लिनी हा पहिल्या शतकातला रोमन लेखक, त्याने आपल्या ग्रंथात उल्लेखलेली एक वनस्पती हॉप्सच असावी असं मानतात. या बिअरच्या बाटलीवर ती साठवू नका, ताजी प्या, अशी ताकीदच छापलेली असते.

ती ताकीद मी एकदा पडताळून पाहिली. एका दुकानातून एकाच बिअरचे दोन कॅन आणले. कॅनच्या बुडाशी बारीक अक्षरांत भरल्याची तारीख असते. एक कॅन दोन आठवड्यांचा होता. दुसरा पाच महिन्यांचा, उजेडाच्या उबदार फळीवर पडून राहिलेला. शेजारच्या आजोबांना बोलावलं. त्यांचा सगळा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला. दोन्ही ग्लास त्यांच्यापुढे ठेवले, कुठला कोणता हे सांगितलं नाही. जुना त्यांनी हुंगला आणि बाजूला ठेवला. मीही चाखला. ओला पुठ्ठा, जळक्या साखरेचा गोडवा, कडूपणा तेवढा शिल्लक, चिडाचा पत्ता नाही. मग त्यांनी ताजा ग्लास नाकाशी धरला, काही न बोलता उठले आणि अंगणात गेले. परत आले ते डग्लस फरचा कोवळा कोंब घेऊन. बोटांत चुरगाळला, मला हुंगायला दिला, मग ग्लास दिला, मग पुन्हा कोंब. "मे महिना," एवढंच म्हणाले.

वासाची तेलं हवेने, उन्हाने आणि दिवसांनी मरतात. चीड लवकर जातो. म्हणून तारीख बघावी, दोन महिन्यांच्या आतली असेल तरच घ्यावी, आणि दुकानात थंड कपाटातली मागावी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली टाळावी, कारण उजेडाने हॉप्समधला कडू अंश बिघडून उग्र दर्प येतो. कॅनमध्ये उजेड शिरत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना मी आयात बाटलीच्या मागे लागू नका असंच सांगेन. जहाजातून आणि गोदामातून येईतो तिच्यातली राळ गेलेली असते. त्यापेक्षा गावातल्या ब्रुअरीत जा. पुण्यात 2009 मध्ये 'डूलॅली' सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर मिळते. तिथे निःसंकोच विचारा, आयपीएत कुठले हॉप्स घातलेत, ड्राय हॉपिंग कधी केलं, टाकी कधी उघडली? ज्याचं कामावर प्रेम आहे तो ब्रुअर अशा प्रश्नांनी खुलतो. आपल्या देशात हॉप्स हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पिकवले गेले आहेत. तिथल्या मातीत एखादी राळेदार जात रुजली तर मी ती चाखायला विमान पकडीन.

दोन वर्षांपूर्वी बाबा टॅकोमाला आले होते. आता त्यांचा हात थरथरतो, ब्रश सुटला. ते बिअर घेत नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. याकिमाहून आणलेली चिनूकची वाळलेली फुलं बरणीत होती, त्यांतली दोन त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि चोळा म्हटलं. त्यांनी दोन्ही तळवे घासले, डोळे मिटून नाकाशी नेले आणि बराच वेळ तसेच बसले.

"ह्या खरा," ते म्हणाले. "ह्यात मिनरल नाय."

जेवायला बसताना मी हात धुवायला पाणी दिलं, तर म्हणाले, उजवोच धुतंय.